एलियाहू, पाऊस आणि नाबोथची मिरास

अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर काही खुणा आहेत. एलियाहू हन्नबीचा रथ स्वर्गात जाताना येथे टेकला, चाकांच्या आणि टापांच्या त्या खुणा, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा. नवस फेडायला लोक तिथे जातात. घरी मलिदा होतो तोही याच नबीच्या नावाने: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, फळे. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या या ‘शनवार तेल्यां’चा हा पावणारा नबी. मूळ ग्रंथात मात्र तो भांडणारा माणूस आहे. त्याचे भांडण समजायला इ.स. पूर्व नवव्या शतकात जावे लागते.

उत्तरेच्या इस्राएल राज्यावर तेव्हा अहाब होता. बायबल त्याला नालायक ठरवते. पण अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याच्या लेखात, इ.स. पूर्व 853 मधील कर्करच्या लढाईत अहाबाचे 2,000 रथ आणि 10,000 पायदळ मोजले आहे. आकडा फुगवलेला असेल, असे आकडे फुगतातच. तरी असामी मातब्बर होती. बायबल या लढाईविषयी अवाक्षर काढत नाही. अहाबाचा बाप अम्री याने शोमरोन ही नवी राजधानी वसवली आणि मुलासाठी सीदोनच्या राजाची मुलगी ईजबेल आणली. व्यापारी बंदराशी सोयरीक झाली. सुनेबरोबर तिचा देव बआलही आला.

बआल हा पावसाचा देव. रास शामरा येथे 1929 पासून सापडलेल्या मातीच्या पाट्यांत तो ढगांवर स्वार होतो. शोमरोनच्या डोंगराळ मुलखात त्याला गिऱ्हाईक का मिळावे, हे खानदेशी वाचकाला सांगायला नको. इजिप्त नाईलच्या पाण्यावरचे, बागायती. हा मुलूख निव्वळ जिरायत. हिवाळ्याच्या तोंडावरचा पहिला पाऊस पेरणीला, वसंतातला शेवटचा दाणा भरायला. पांझरेच्या फडावरचा शेतकरी पाटकऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, आमच्या वरणगावकडचा कोरडवाहूवाला आभाळाकडे. म्हणून ‘माझ्या शब्दावाचून पाऊस पडणार नाही’ अशा अर्थाचे एलियाहूचे बोलणे म्हणजे बआलच्या खास खात्यात घातलेला हात होता. बायबल हा दुष्काळ तिसऱ्या वर्षापर्यंत नेते. इतिहासकार योसेफसने मेनांडरच्या आधारे त्याच सुमारास, ईजबेलच्या बापाच्या राज्यात, वर्षभराचे अवर्षण नोंदवले आहे.

माझ्या मते खरा प्रसंग कर्मेल डोंगरावरच्या अग्नीचा नव्हे, नाबोथच्या द्राक्षमळ्याचा आहे. इज्रेलमध्ये राजवाड्याला लागून त्याचा मळा. अहाबाला तो भाजीपाल्यासाठी हवा होता. बदल्यात चांगला मळा किंवा रोख किंमत, असा रीतसर प्रस्ताव. नाबोथ नाही म्हणाला, कारण ती वडिलार्जित ‘नहला’ होती. जमीन कायमची विकायची नाही, ती कुळातच राहायची, हा तिथला जुना दंडक. आपल्याकडे जुना मिरासदार मिरास सोडताना जसा अडून बसे, तसेच हे. राजा रुसून अंथरुणावर पडला. ईजबेलचा जन्म अशा दरबारात गेलेला, जिथे राजाला हे ऐकावे लागत नसावे. तिने राजमुद्रेची पत्रे गावच्या वडीलधाऱ्यांना धाडली, दोन साक्षीदार उभे केले, देवनिंदेचा आरोप ठेवला आणि नाबोथला दगडांनी मारवले. दप्तरी सारे चोख! अहाब मळ्याचा ताबा घ्यायला गेला, तेव्हा एलियाहू तिथेच त्याला सामोरा आला. खून करून ताबाही घेतलास का, हा त्याचा सवाल.

पुढे येहूने अहाबाचा मुलगा योराम याला बाण मारला आणि प्रेत नाबोथच्याच शेतात टाकायला लावले.