मालेगावची दोस्ती आणि इनिशेरिनचा अबोला

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिककडे निघालं की पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव लागतं. सरकारदरबारी ते नाशिक जिल्ह्यात मोडतं, पण त्याचं निम्मं लक्ष खानदेशाकडे असतं. मोसम नदी तिथे गिरणेला मिळते आणि गिरणा पुढे चाळीसगाव, भडगाव तालुके भिजवत जळगाव जिल्ह्यात तापीपर्यंत जाते. बाजार, सोयरिकी आणि बोलण्यातले हेल यांचीही ये-जा याच वाटेने चालते. 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग मांडले, पुढे त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. आठवडाभर मागांचा खडखडाट चालतो आणि शुक्रवारी तो थांबतो. वर्षानुवर्षं या शुक्रवारच्या सुट्टीचा मोठा वाटा सिनेमाने खाल्ला.

या गावातल्या काही मित्रांवर रीमा कागती यांनी ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपट केला. वरुण ग्रोवर यांनी तो लिहिला. सप्टेंबर 2024 मध्ये टोरांटोच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि 28 फेब्रुवारी 2025 रोजी आपल्याकडे थिएटरांत लागला. जळगाव-धुळ्याच्या वाचकांसमोर या चित्रपटाबद्दल मुद्दाम लिहावंसं वाटतं. हौशी पोरांनी सिनेमा कसा केला, एवढीच गोष्ट म्हणून त्याच्याकडे पाहिलं गेलं. मला मात्र त्यात लहान गावात दोस्ती कशी तुटते याचा एक नेमका, हसवणारा आणि काळजाला लागणारा अभ्यास दिसतो.

आधी खरी माणसं. नासिर शेख हा व्हिडिओ पार्लर चालवणारा तरुण. एक खोली, टीव्ही, व्हीसीआर आणि परवडणारं तिकीट असा तो धंदा. शेकडो चित्रपट पुन्हा पुन्हा बघून आणि टेपांची जोडतोड करून नासिर सिनेमा शिकला. एका व्हीसीआरवर टेप चालवायची, दुसऱ्यावर हवा तेवढाच तुकडा उतरवून घ्यायचा, असं त्याचं संकलन होतं. या पद्धतीत प्रत्येक नकलेबरोबर चित्र थोडं फिकट होतं आणि चुकलेला सांधा दुरुस्त करायचा तर बरंच काम पुन्हा करावं लागतं. हा हात बसल्यावर मित्रांना गोळा करून त्याने 2000 साली ‘मालेगाव के शोले’ काढला. कॅमेरा लग्नाच्या शूटिंगचा होता. गब्बरचा रब्बर झाला, बसंतीची बासमती झाली. फिरत्या दृश्यांसाठी सायकल आणि उंचावरच्या दृश्यांसाठी बैलगाडी वापरायची, ही या मंडळींची रीत. पैसा नसताना तांत्रिक अडचण सोडवायची तर यंत्राचं काम नेमकं काय आहे हे समजावं लागतं, आणि ते त्यांना समजलं होतं. कॅमेरा न हादरता सरकवायचा असेल तर चाकं लागतात आणि वर उचलायचा असेल तर तरफ लागते. पाहिलेल्या गोष्टीच्या मुळाशी जाणाऱ्या माणसांची ही बुद्धी आहे. तिला नुसतं ‘जुगाड’ म्हणून हसण्यावारी नेणं मला मान्य नाही.

या टोळीत लेखक होता फरोग जाफरी. अक्रम खान अभिनय करायचा आणि तांत्रिक कामंही सांभाळायचा. शफीक शेख हा यंत्रमागावर राबणारा, अंगाने काटकुळा तरुण. फैझा अहमद खान यांनी 2008 च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात या टोळीचा ‘मालेगाव का सुपरमॅन’ कसा तयार झाला ते टिपलं. त्यात शफीक सुपरमॅन आहे. गावातल्या घाणीशी झुंजता झुंजता या सुपरमॅनला दमा झालेला. शूटिंग चालू असताना शफीकचं लग्नही उरकतं. एकदा कॅमेराच पाण्यात पडतो. हे सगळं पाहताना पोट धरून हसू येतं, आणि फरोग मुंबईबद्दल बोलू लागला की तेच हसू घशात अडकतं. मालेगाव ते मुंबई हे अंतर रस्त्याने एका दिवसाचंही नाही, पण लेखक म्हणून ते कापता कापता उमेदीची वर्षं निघून जातात, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं आहे. जून 2012 मध्ये हा माहितीपट थिएटरांत लागला, तेव्हा शफीक हयात नव्हता. ऐन तारुण्यात कर्करोगाने त्याला नेलं होतं.

रीमा कागतींच्या चित्रपटात या माणसांवर बेतलेली पात्रं आहेत आणि काळ 1997 पासून पुढे सरकतो. आदर्श गौरव नासिरच्या, विनीत कुमार सिंह फरोगच्या आणि शशांक अरोरा शफीकच्या भूमिकेत आहेत. सुरुवातीला नासिर बस्टर कीटनचे मूकपट दाखवतो आणि पार्लर ओस पडतं. मग कीटनला ब्रूस लीची जोड देऊन तो लोकांना खेचून आणतो. पुढे ‘शोले’ची नक्कल गावात तुफान चालते आणि त्या यशातच टोळी फुटते. फरोगला स्वतःची गोष्ट लिहायची असते. नासिरला लोकांना आवडलेलंच पुन्हा द्यायचं असतं, शिवाय दुकानदारांच्या जाहिराती घुसवून चार पैसे उभे करायचे असतात. पोस्टरवर मोठं होतं ते एकाचं नाव. फरोग मुंबईला निघून जातो. तिथे त्याला कोणी विचारत नाही. मागे राहिलेलेही एकेक करून दुरावतात.

या भांडणात मी कोणाची बाजू घ्यावी हे मला बराच काळ ठरवता आलं नाही, आणि पटकथेचं मोठं यश तेच आहे. फरोगचं म्हणणं रास्त आहे. कथा लिहिणाऱ्याचं नाव बारीक अक्षरांत जावं हे कोणत्याही काळात चूकच. पण नासिरनेही घरचं सगळं पणाला लावलेलं आहे, आणि पैसे उभे करणाऱ्याची धास्ती लिहिणाऱ्याला दिसत नाही. आधी सगळे फुकट राबत होते तोवर सिनेमा सगळ्यांचा होता. त्याला किंमत आल्यावर तो नेमका कोणाचा हे ठरवणं भाग पडलं. आपल्याकडच्या किती नाट्यमंडळांची, बँडपथकांची आणि शाळा काढणाऱ्या संस्थांची कहाणी अशीच आहे. पहिल्या वर्षी वर्गणी काढून काम करणारे मित्र दहाव्या वर्षी पदाधिकाऱ्यांच्या यादीवरून एकमेकांचं तोंड बघेनासे होतात.

इथे मला मार्टिन मॅकडोना या दिग्दर्शकाचा 2022 चा ‘द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन’ आठवत राहतो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याबाहेरचं एक काल्पनिक बेट, काळ 1923. कॉल्म नावाचा प्रौढ फिडलवादक एके दिवशी पॅड्रिक या रोजच्या मित्राशी बोलणं बंद करतो. भांडण नाही, देणंघेणं नाही. उरलेल्या आयुष्यात मागे राहील असं संगीत रचायचं आहे आणि तुझ्या गप्पांत माझा वेळ जातो, एवढंच कारण. पॅड्रिक ऐकत नाही. तेव्हा कॉल्म धमकी देतो, की यापुढे माझ्याशी बोललास तर दर वेळी मी माझं एक बोट कापीन. आणि तो ते खरं करतो. ब्रेंडन ग्लीसन आणि कॉलिन फॅरेल या दोघांनी हे असं उभं केलं आहे की हसावं की डोळे मिटावे हे कळत नाही. व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला पटकथेचं आणि फॅरेलला अभिनयाचं पारितोषिक मिळालं. ऑस्करची 9 नामांकनं मिळाली, पुरस्कार मात्र एकही नाही. बेटावर हे घडत असताना समोरच्या मुख्य भूमीवरून तोफांचे आवाज येत असतात. इंग्रजांविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेले आयरिश लोक 1922 च्या जूनपासून एकमेकांवरच बंदुका रोखून उभे होते. दोन मित्रांची गोष्ट देशाच्या गोष्टीला अशी समांतर ठेवली आहे, पण मॅकडोना त्याचा उच्चार करत नाही. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

त्या बेटाचं जगणं खानदेशातल्या माणसाला परकं वाटणार नाही. पॅड्रिकला भेटणारा जो तो एकच गोष्ट विचारतो: तुमचं दोघांचं भांडण झालंय का? आपल्या पारावरही हेच झालं असतं. ‘काय जायनं रे भो?’ या प्रश्नातून सुटका नाही. आपल्याकडे अबोला धरायला कारण लागतं आणि कारणं ठरलेली आहेत. बांधावरचं झाड, पाटाच्या पाण्याची पाळी, ग्रामपंचायतीची निवडणूक, लग्नात राहून गेलेला मान. कारण असलं की गाव बाजू घेऊ शकतं, मध्यस्थ नेमू शकतं, चार जाणते बसवून तोड काढू शकतं. कॉल्मने कारणच दिलं नाही, किंवा जे दिलं ते गावाच्या हिशेबात बसणारं नव्हतं. पंचांनाही सोडवता येणार नाही असा तंटा म्हणून तो भयंकर आहे.

शिवाय लहान गावात दोस्ती मोडली तरी माणूस रोज दिसतच राहतो. पुण्या-मुंबईत नको असलेला मित्र टाळता येतो. चोपडा किंवा साक्री तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात सकाळची एसटी एकच असते. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते. बामणोदची वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजली जातात, हिरवी मिरची आणि कांद्याच्या पातीसोबत ठेचली जातात, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जातात. त्या पार्टीला दोघांनाही बोलावणं असतं आणि वाढणाऱ्याला दोघांची ताटं लांब मांडावी लागतात. इनिशेरिनच्या दारूच्या गुत्त्यात नेमकं हेच होतं. तिथे दुसरं बसायचं ठिकाणच नाही, म्हणून दोघांपैकी एक आत आणि एक बाहेर बसतो. अशा ठिकाणी अबोला दोघांचा राहत नाही, गावाला तो रोज सांभाळावा लागतो.

मरणाआधी काहीतरी मागे ठेवून जावं ही ओढ कॉल्मलाही आहे आणि फरोगलाही. दोघांनीही त्या ओढीपायी मित्र सोडला. पण पुढे वाटा वेगळ्या होतात. कॉल्मची कला एकट्याची आहे. त्याला वाटतं की माणसं दूर झाली की सूर सापडतील, आणि ज्या बोटांनी फिडल वाजवायची तीच तो तोडून टाकतो. फरोगची कला एकट्याने होण्यासारखी नाही. सायकलवर बसलेल्या कॅमेरावाल्याला मागून ढकलणारा लागतो, सुपरमॅनला आडवं धरून उडवणारे हात लागतात. म्हणूनच शफीक आजारी आहे हे कळल्यावर ही तुटलेली टोळी परत एकत्र येऊ शकते. माफीची मोठी भाषणं नाहीत. ज्याला कधी नायक होता आलं नाही त्या मित्राला उडवायचं आहे, काम पुष्कळ आहे आणि दिवस थोडे आहेत. श्रेयाच्या वादाचा निकाल तसाच लटकत राहतो. तरीही ते एकत्र काम करतात, हे मला समेटाचं अतिशय खरं चित्र वाटतं. आपल्याकडे दुरावलेले भाऊ घरातल्या आजारपणात दवाखान्याच्या जिन्यावर बोलू लागतात, ते याच कारणाने.

दोन्ही चित्रपटांत बायकांकडे कथेचं शहाणपण आहे आणि वाट्याला जागा कमी आहे. पॅड्रिकची बहीण शिव्हॉन ही त्या बेटावर पुस्तकं वाचणारी बाई. पुरुषांच्या या हट्टाला कंटाळून ती मुख्य भूमीवर ग्रंथालयातली नोकरी पत्करते आणि होडीत बसते. मालेगावात नायिका बाहेरून आणावी लागते, कारण गावातल्या मुलीला पडद्यावर यायला मोकळीक नसते. मंजिरी पुपाला यांनी साकारलेली तृप्ती ही अशी बाहेरून आलेली नटी. दोस्तांच्या भांडणात तिचं मत कोणी विचारत नाही. चित्रपटाने तिला आणखी वेळ द्यायला हवा होता.

या सगळ्याचा खानदेशाशी संबंध फक्त नकाशावरचा नाही. नासिर आणि त्याच्या मित्रांनी दाखवून दिलं की आपल्या बोलीत, आपल्या गल्लीत, आपल्याच माणसांना घेऊन चित्रपट काढला तर लोक पैसे मोजून पाहतात. त्यानंतर खानदेशी विनोदी व्हिडिओंची सीडीवरची बाजारपेठ उभी राहिली. जत्रेत, बसस्टँडवर, मोबाईलच्या दुकानात त्या सीडी विकल्या गेल्या. पुढे यूट्यूबवर ‘छोटू दादा ट्रॅक्टरवाला’सारखे व्हिडिओ देशभर कोट्यवधी वेळा पाहिले गेले. त्यांच्या दर्जाबद्दल वाद होऊ शकतो, आणि विनोदासाठी ठेंगण्या माणसाच्या अंगकाठीचा वापर मला खटकतो. पण हिंदी, अहिराणी, मराठी आणि उर्दू यांची जी सरमिसळ त्यांत ऐकू येते ती धुळे-मालेगाव पट्ट्यातली जिवंत भाषा आहे, आणि ती तशीच्या तशी पडद्यावर आणायचं धाडस या पोरांनी केलं. मुंबईने बनवलेल्या ‘सुपरबॉईज’मध्ये ती बोली बरीच धुतलेली, इस्त्री केलेली ऐकू येते. ही त्या चांगल्या चित्रपटातली मला जाणवलेली मोठी उणीव.

म्हणून सुट्टीत हे पाहायचं ठरवलं तर आधी फैझा अहमद खान यांचा माहितीपट पाहावा. तो तासाभराचाच आहे. त्यात खरा शफीक, खरा फरोग आणि त्यांची खरी बोली आहे. दोस्ती तुटण्याचा प्रसंग त्यात नाही; सगळे अजून एकत्र आहेत, कॅमेरा पाण्यात पडला म्हणून हवालदिल झालेत आणि दुसऱ्या दिवशीच्या शूटिंगची जुळवाजुळव करताहेत. त्यानंतर ‘सुपरबॉईज’ पाहिला की त्यातल्या प्रत्येक भांडणात काय पणाला लागलं होतं ते कळतं. इनिशेरिन सगळ्यात शेवटी, आणि तो एकट्याने पाहू नये.