धरणगावची भिल्ल पलटण

पिंप्राळ्याहून पश्चिमेकडे निघून बांभोरीपाशी गिरणा ओलांडली, की पाळधीवरून धरणगाव काही फार लांब नाही. परंतु जळगावच्या कापसाच्या व्यापाराने आणि आगगाडीने या भागाचे रूप पालटून टाकल्यामुळे, एके काळी हेच धरणगाव सातपुड्यापासून सातमाळ्यापर्यंतच्या बंदोबस्ताचे एक नाके होते आणि तेथे भिल्लांची एक शिस्तबद्ध पायदळ पलटण नांदत होती, ही गोष्ट पंचक्रोशीतल्या पुष्कळांच्या ध्यानातून गेली आहे.

इ. स. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली आला, तेव्हा मुलूख जवळजवळ उजाड झाला होता. होळकरांच्या स्वाऱ्या, पेंढाऱ्यांची लूट आणि १८०३-०४ चा भीषण दुष्काळ यांनी गावेच्या गावे ओस पडली, आणि गावाची राखण करून जागल्याचे हक्क खाणारा भिल्ल, राखावयास गावच न उरल्यामुळे, डोंगरात शिरून लूटमारीवर जगू लागला. जुन्या अमदानीने त्यावर योजलेला उपाय म्हणजे तलवार. कोपरगावी तर अभयाचे वचन देऊन बोलावलेल्या भिल्लांची सरसकट कत्तल झाली होती. ज्या लोकांनी ‘कौल’ या शब्दाचा असा अनुभव घेतला, त्यांनी नव्या सरकारच्या जाहीरनाम्यांवर विश्वास ठेवू नये, यात नवल ते काय?

इंग्रजी अमलाच्या आरंभीचे अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांच्या वेळेपासून फौजा पाठवून, घाट रोखून पाहिले. एक टोळी मोडावी तो दुसरी उभी राही. शेवटी मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी १८२५ साली धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. कन्नडकडे ओव्हन्स यांनी भिल्लांना जमिनी आणि तगाई देऊन शेतीस लावले, आणि ईशान्य भागात पलटण उभारण्याचे काम जेम्स आउट्राम या अवघ्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे आले.

आउट्राम एकटाच, पहारा न घेता, नाईकांबरोबर रानात जाऊन राहिला, त्यांच्यासंगे वाघांच्या शिकारी केल्या आणि त्यांना दारू पाजण्यातही त्याने हात आखडता घेतला नाही. हे त्याने स्वतःच पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. पहिल्याने नाव नोंदवावयास धजलेले भिल्ल होते फक्त पाच! त्या पाचांची नावे इतिहासाने जपली नाहीत, आणि साहेबाच्या मात्र दिवसादिवसाचा हिशेब लागतो. तरीही मला या साऱ्या प्रकरणात धाडस दिसते ते त्या पाचांचे. साहेबाला दगा झाला असता तर त्याच्यामागे सरकार होते. यांना दगा झाला असता तर कोपरगावचीच पुनरावृत्ती झाली असती. थोड्या महिन्यांत ही संख्या शंभराच्या घरात आणि दोन वर्षांत सहाशेच्या आसपास पोचली. कवाईत शिकण्यासाठी या तुकडीस मालेगावच्या छावणीत नेले, तेव्हा आउट्रामच्या मूळ तेविसाव्या पलटणीतील उच्चवर्णीय शिपायांनी त्यांना पानसुपारी दिली. त्या काळच्या जातिबंधनांचा विचार करता ही केवळ शिष्टाचाराची बाब नव्हती.

पलटणीला लवकरच आपल्याच जातभाईंविरुद्ध चालून जावे लागले आणि ती फुटली नाही. परंतु तिची खरी कसोटी १८५७ साली लागली. कारण सातपुड्यात तेव्हा जे घडले, ते भिल्लांपुरते पाहता निखळ यादवी होती. सेंधवा घाटाचा वंशपरंपरेचा राखणदार खाज्या नाईक हा सरकारी नोकरीतलाच माणूस. मध्यंतरी एका मनुष्यवधाच्या प्रकरणी तुरुंगवास भोगून तो सुटला होता आणि सरकारने घाटाचा बंदोबस्त पुन्हा त्याच्याकडे सोपवला होता. त्यानेच भीमा नाईक आणि मेवाश्या नाईक यांच्यासह निशाण उभारले, आणि नोव्हेंबरात इंदूरहून मुंबईकडे निघालेला सुमारे सात लाखांचा खजिना लुटला. तिकडे नगर-नाशिकच्या डोंगरात उठलेला भागोजी नाईक हाही पूर्वीचा पोलिसातलाच अंमलदार; त्याच्या बंदोबस्तासाठी कॅप्टन नटॉल यांनी कोळ्यांची स्वतंत्र पलटण उभी केली, म्हणजे धरणगावचाच कित्ता तेथे गिरवला गेला.

११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातल्या अंबापाणीच्या रानात मेजर इव्हान्स यांची फौज आणि नाईकांचे लोक यांची गाठ पडली. सरकारी फौजेत भिल्ल पलटणीची तुकडी होती. समोर खडकांच्या आणि झाडांच्या आडोशाने लढणारेही बहुतांशी भिल्लच. लढाई चिवट झाली. ती संपल्यावर पकडलेल्यांपैकी अनेकांना जागच्या जागी लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घालण्यात आल्या, आणि बायकांना कैद करून नेण्यात आले. पुढे १८६० च्या ऑक्टोबरात खाज्या नाईक विश्वासघाताने मारला गेला. भीमा नाईकाची रवानगी काळ्या पाण्यावर झाली.

पलटणीतल्या शिपायाला फितूर ठरवून मोकळे होणे आज सोपे आहे. मला तसे वाटत नाही. दरमहा पगार, डोक्यावर छप्पर आणि जिवाची हमी, या तिन्ही गोष्टी त्याच्या बापाला कधी मिळाल्या नव्हत्या, आणि देश नावाची कल्पना त्याच्यापर्यंत कोणी पोचवलीही नव्हती. त्याचप्रमाणे खाज्याला केवळ लुटारू म्हणणारे सरकारी दप्तरही एकांगीच आहे. ज्या सरकारने हक्क देऊन बांधले, त्याच सरकारची कमकुवत घडी त्याने अचूक ओळखली होती. दोघेही एकाच धोरणाची संतती.

आउट्राम पुढे सरदारकी पावला आणि १८६३ साली वारल्यावर वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला. चाळीसगाव-कन्नड घाटाला पडलेले त्याचे नाव अजूनही लोकांच्या तोंडी आहे. पलटण १८९१ मध्ये पोलिसदलात विलीन झाली. तिच्या शिपायांचे वंशज आजही जळगाव जिल्ह्यात असतील. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी एखादी सनद, पट्टा किंवा वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत शिल्लक असेल, तर ती धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाकडे अवश्य पोचवावी. साहेबांची चरित्रे पुष्कळ झाली, शिपायांचे एकही नाही.