पद्मिनी दारात आली, आता हात कुठे घालायचा?

जुनी प्रीमियर पद्मिनी घरी आली की जो तो म्हणतो, "आधी इंजिन उघडा." मी म्हणेन, आधी पायाखालची चटई उचला. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीचं १०८९ सीसीचं इंजिन साधं आहे, जुना मिस्त्री ते बांधून देतो. गाडी मरते ती पत्र्यामुळे.

"वर गंज दिसत नाही, म्हणजे पत्रा धड आहे," हा सगळ्यात महाग पडणारा समज. रंगाखाली पुट्टी लपलेली असते. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेवरून फिरवा. पत्र्याला ते ओढून चिकटतं, पुट्टीच्या जाड थरावरून गळून पडतं. मग आतला तळ स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. धड पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. आमच्या गाडीत चालकाच्या टाचेखाली स्क्रूड्रायव्हर आरपार गेला आणि खालची फरशी दिसली.

तरी लगेच कापायला घेऊ नका. पद्मिनीला वेगळी चॅसी नसते, सगळा भार बॉडीच पेलते. दाराखालचा पत्रा आधार न देता कापला तर गाडी मधोमध खचते आणि दारं पुन्हा बसत नाहीत. आतून तात्पुरत्या सळया जोडून एका वेळी एकच बाजू करा. वेल्डिंगआधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी काढाच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका, घोड्या लावा.

"बॅटरी जोडा, स्टार्टर मारा" हेही चुकीचं. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा धरून बसतात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडा, दोन दिवस थांबा, मग इंजिन हाताने फिरवा. टाकीतलं जुनं पेट्रोल टाकून द्या, त्याचा चिकटा कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो. गाडी हलवण्याआधी चारही चाकांचे ब्रेक उघडून बघा.

आणि जुनी म्हणजे विंटेज नव्हे. २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं व्हावी लागतात, शिवाय तशी गाडी रोजच्या वापरात चालत नाही. बाकीच्यांना १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. आरसीवरचा चॅसी नंबर बॉडीवर ठोकलेल्या नंबराशी जुळतो का, हे पहिला पाना लावण्याआधी बघून घ्या.