चेन्नईहून सकाळी निघा, रात्री घरी जेवा

चेन्नईच्या आसपास घाट नाही. गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून वळणं चढावीत, एखाद्या पॉइंटला थांबून भाजलेलं कणीस खावं आणि दरीत डोकवावं, अशी सोय इथे जवळपास नाही. माझं माहेर साताऱ्याचं. लग्न होऊन इथे आले तेव्हा सुट्टीच्या दिवशी गाडीत बसलं की डोळे आपसूक डोंगर शोधायचे, आणि समोर काय, तर सपाट रस्ता, ताडाची झाडं आणि पुन्हा सपाट रस्ता. इथे पाणी बघायचं असतं, हे कळायला थोडा काळ गेला. समुद्र, खाडी, खारं सरोवर, मिठागरं आणि ज्यांना इथे ‘एरी’ म्हणतात ते बांध घालून केलेले अफाट तलाव.

भूमध्य समुद्रातल्या मायोर्का किंवा क्रीटसारख्या बेटांवर जाणारी मंडळी एका गावात मुक्काम टाकतात, भाड्याची गाडी घेतात आणि रोज एक नवी दिशा धरतात. संध्याकाळी मुक्कामाला परत. सामान बांधायची कटकट नाही, रोज नवं हॉटेल नाही. चेन्नई याच कामाला फार सोयीची आहे, फक्त तसं कोणी करत नाही. इथे येणारा मराठी पाहुणा मरीना बीच, टी. नगरची साडीखरेदी आणि तिरुपती एवढं उरकतो आणि रामेश्वरची गाडी पकडतो. आमच्या तिरुवान्मियूरच्या घरातून मी त्याच्यासाठी तीन दिशा ठरवून ठेवल्या आहेत: दक्षिणेला समुद्रालगत, उत्तरेला खाऱ्या सरोवराकडे आणि नैर्ऋत्येला आतल्या तलावांकडे. वेळ आणि पायांत बळ असेल त्याच्यासाठी चौथी, जिंजीची.

दक्षिणेची वाट सगळ्यात सोपी. ईस्ट कोस्ट रोड, म्हणजे सगळ्यांचा ईसीआर, आमच्या दारातूनच सुरू होतो आणि डावीकडे समुद्र ठेवत पुदुच्चेरीपर्यंत जातो. एकूण दीडशे किलोमीटरच्या आसपास. उत्तंडीचा टोल ओलांडला की शहर सुटतं, आणि मुट्टुकाडूच्या पुलावर पहिल्यांदा दोन्हीकडे पाणी दिसतं, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला तिचं समुद्राला मिळणारं तोंड. तिथेच दक्षिणचित्र आहे. 1996 साली सुरू झालेल्या या संग्रहालयात केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूतली जुनी घरं मूळ जागेवरून उतरवून, तुळई-खांबांसकट आणून पुन्हा उभी केली आहेत. मंगळवारी ते बंद असतं. थोडं पुढे मगरींची क्रोकोडाइल बँक, रोम्युलस व्हिटेकर यांनी 1976 मध्ये सुरू केलेली. बरोबर मुलं असतील तर इथून लवकर सुटका होत नाही.

महाबलीपुरम साधारण 55 किलोमीटरवर. समुद्रकाठच्या देवळाचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून मी पाहुण्यांना आधी गावातल्या मोठ्या शिल्पपटापाशी नेते. ‘अर्जुनाची तपश्चर्या’ म्हणा किंवा ‘गंगावतरण’ म्हणा, दोन्ही नावं चालतात आणि जाणकारांचा वादही चालूच आहे. दोन अजस्र शिळा, मधे एक उभी फट, त्या फटीत खालून वर जाणारे नाग, आणि दोन्ही बाजूंनी देव, ऋषी, हत्ती असा सगळा लवाजमा त्या फटीकडे निघालेला. वर पाणी साठवून खास दिवशी ते या फटीतून खाली सोडत असावेत, असं अभ्यासक मानतात. सातव्या शतकातला पल्लवांचा कारागीर दगडात नदी खोदतो आणि तिच्यात खरं पाणी सोडायची सोयही करून ठेवतो! आता हत्तीच्या पायाशी बघा. एक मांजर मागच्या पायांवर उभं राहून, पुढचे दोन्ही वर जोडून तप करतंय आणि भोवती उंदीर भक्तिभावाने जमलेत. एवढ्या पवित्र प्रसंगात हा चहाटळपणा करायची त्या कारागिराला मुभा होती, याचं मला अजून नवल वाटतं.

बहुतेक गाड्या इथून मागे वळतात. तुम्ही वळू नका. कल्पक्कमच्या अणुवीज प्रकल्पाशेजारी सद्रासचा पडका डच किल्ला आहे आणि आत कोरीव नक्षीच्या थडग्यांचं छोटं आवार. गर्दी नावाला नसते. आणखी पुढे, चेन्नईपासून शंभरेक किलोमीटरवर, कडपाक्कम गावातून डावीकडे वळलं की आलमपरै. वीट-चुन्याचा मोगल काळातला किल्ला, 1750 मध्ये फ्रेंचांच्या ताब्यात गेला आणि दहा वर्षांनी इंग्रजांनी फोडला. उरलीसुरली पडझड 2004 च्या त्सुनामीने केली. खाडीच्या काठावर भिंतींचे सुळके तेवढे उभे आहेत, खाली मच्छीमारांच्या होड्या आणि पलीकडे वाळूच्या पट्ट्यामागे समुद्र. त्यापुढे मरक्काणमची मिठागरं लागतात. उन्हाळ्यात तिथे रस्त्याकडेला मिठाचे पांढरे ढीग माडाच्या झावळ्यांनी शाकारून ठेवलेले दिसतात. इथून परत फिरलं तर रात्रीचं जेवण घरी होतं.

भूमध्य समुद्राचं नाव काढलंच आहे, तर एक सांगते. याच रस्त्याच्या टोकाला, पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला मॉर्टिमर व्हीलर यांनी 1945 मध्ये उत्खनन केलं, तेव्हा इटलीकडची भांडी आणि दारूचे रोमन रांजण मातीतून निघाले. तिकडचं गलबत दोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्याला लागत होतं.

उत्तरेची वाट पुलिकतची. तमिळमध्ये पळवेर्काडू. कोलकाता हायवेने तच्चूरला उजवीकडे वळायचं आणि पोन्नेरीवरून सरोवराकाठच्या गावात उतरायचं, सारे मिळून साठेक किलोमीटर. चिल्कानंतरचं हे देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं खारं सरोवर. पसारा प्रचंड, पण सरासरी खोली जेमतेम एक मीटर. म्हणूनच तर रोहित पक्ष्यांना, आपल्या फ्लेमिंगोंना, ते मानवतं. लांब पाय, वाकडी चोच आणि गुडघाभर चिखल, यापलीकडे त्यांची काही मागणी नसते. गावात डचांची दफनभूमी आहे आणि तिच्या दाराशी दगडात कोरलेले दोन मानवी सापळे पहारा देतात. डचांनी 1613 मध्ये इथे गेल्ड्रिया नावाचा किल्ला बांधला. इथलं कापड जावा-सुमात्राकडे जायचं आणि दुष्काळाच्या वर्षांत माणसंसुद्धा गुलाम म्हणून जहाजात भरली जायची. थडगी देखणी आहेत, व्यापार तसा नव्हता.

होडीत बसण्याबद्दल सावध राहा. 2011 च्या नाताळात इथे सहलीची होडी उलटून वीसहून जास्त माणसं बुडाली. काठावरून बघण्यासारखं भरपूर आहे. त्यातून फ्लेमिंगो जवळून बघायचे असतील तर गावात न वळता हायवेने सरळ आंध्रात जायचं. सुळ्ळुरपेटपासून श्रीहरिकोटाला जाणारा रस्ता सरोवराच्या मधून बांधलाय. ज्या बेटावरून चांद्रयान उडालं, त्याच्या वाटेवर दोन्ही हातांना गुलाबी थवे चरत असतात. मोसमात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, जा आणि बरोबर दुर्बीण ठेवा. अवकाश केंद्राच्या फाटकापाशी अर्थातच परत फिरायचं.

पण एकच दिवस असेल आणि माझं मत विचाराल, तर मी तिसरी वाट सांगेन. तांबरम, चेंगलपट्टू करत जीएसटी रोडने, म्हणजे त्रिचीच्या हायवेने ऐंशीएक किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघायचं, कारण सातनंतर तांबरममध्ये गाडी हलत नाही. वाटेत कुठेतरी पोंगल-वडा आणि पितळी दवऱ्यातली डिग्री कॉफी होते, ती सहलीचाच भाग धरा.

वेडंथांगळचा तलाव उण्यापुऱ्या 30 हेक्टरचा. बांधावरून चालत गेलं की पाण्यात कमरेएवढी बुडालेली झाडं दिसतात आणि प्रत्येक झाड पक्ष्यांनी लगडलेलं असतं. चित्रबलाक, पेलिकन, चमचे, शराटी, रातबगळे, पाणकावळे. घरट्यांवरून भांडणं, चोचींची खटखट, पिलांचा कालवा आणि सगळ्यावर माशांचा उग्र दर्प. पेलिकन उतरताना पाय पुढे ताणून पाण्यावर घसरत येतो आणि थांबला की पंख असे आवरून घेतो, जसं काही झालंच नाही.

हे पक्षी इथे टिकले, त्यामागे शेतीचा हिशेब आहे. पक्ष्यांची विष्ठा तलावात पडते, ते पाणी खालच्या शेतांत जातं आणि भात जोमाने येतो. फुकटचं खत. त्यामुळे गावकरी पिढ्यान्‌पिढ्या पक्ष्यांना जपत आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज शिपाई बंदुका घेऊन शिकारीला येऊ लागले, तेव्हा गावकरी कलेक्टरकडे गेले. त्या लायोनेल प्लेस नावाच्या कलेक्टरने 1798 मध्ये गावाचा पक्ष्यांवरचा हक्क लेखी मान्य केला. अभयारण्य वगैरे कायदे यायला त्यानंतर दीडशे वर्षांहून जास्त काळ लागला. दिवाळीत आजही गावात फटाके वाजवत नाहीत. 2022 मध्ये हा तलाव पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला.

त्याच कलेक्टरची दुसरी गोष्ट शेजारच्या मदुरांतकमला ऐकायला मिळते. तिथला तलाव चोळांच्या काळापासूनचा आणि इतका मोठा, की बांधावर उभं राहिलं तर पलीकडचा काठ ओळखू येत नाही. बांध पावसात सारखा फुटायचा. प्लेससाहेब वैतागला होता. तिथल्या राममंदिराचे पुजारी म्हणाले, देवीचं देऊळ बांधायला पैसे द्या. तो म्हणाला, तुमच्या रामाने यंदा बांध राखला तर देतो. वादळी पावसात रात्री तो बांधावर गेला, तेव्हा दोन धनुर्धारी तरुण पहारा देताना त्याला दिसले, अशी आख्यायिका आहे. देऊळ मात्र खरंच बांधलं गेलं. तिथला राम ‘एरी कात्त रामर’, तलाव राखणारा राम. तलाव राखण्याची नोकरी देवालाही चुकली नाही, यावरून या मुलखात पाण्याचं मोल ओळखावं.

आता जिंजी. ही वाट मराठी माणसाने एकदा तरी करावी. तिंडीवनमवरून दीडशेपेक्षा थोडं जास्त अंतर, एका बाजूला तीन तास धरा. सपाट भातशेतीतून अचानक मोठमोठ्या धोंड्यांचे डोंगर उठतात. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग हे तीन डोंगर तटबंदीने एकत्र बांधलेले आहेत. 1677 मध्ये शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेतला. त्याच स्वारीत त्यांनी मद्रासच्या इंग्रजांकडे विषावरचे उतारे मागवल्याच्या नोंदी कंपनीच्या दप्तरात आहेत. जिंजी घेण्यातली महाराजांची दूरदृष्टी बारा वर्षांनी कामी आली. रायगडाला वेढा पडल्यावर राजाराम महाराज वेष पालटून इथवर पोचले आणि स्वराज्याची राजधानी तमिळ मुलखात आली. मोगल सरदार झुल्फिकारखान 1690 मध्ये चालून आला, किल्ला पडायला 1698 उजाडलं, आणि तोवर राजाराम महाराज निसटूनही गेले होते. संताजी-धनाजींनी तर मधल्या काळात वेढा घालणाऱ्यांचीच रसद तोडली होती. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा हा.

राजगिरीची चढण दगडी पायऱ्यांची, उंच आणि उन्हात तापणारी. दुपारनंतर वर सोडत नाहीत, म्हणून नऊच्या आत पायथ्याला हवं. माथ्याजवळ कड्याला खोल भेग आहे आणि तिच्यावरच्या अरुंद पुलावरूनच बालेकिल्ल्यात जाता येतं. ज्यांना चढवत नाही त्यांनी खालीच कल्याणमहाल, धान्याची कोठारं आणि आनैकुळम हे हत्तींचं तळं निवांत बघावं. कल्याणमहालाच्या वरच्या मजल्यांवर खापरी नळांतून पाणी नेलेलं होतं. इतकी वर्षं वेढा सोसला, त्यात तटाइतकाच या तळ्या-टाक्यांचा वाटा.

वेळापत्रकाचं म्हणाल तर आपल्याकडचा पावसाळ्याचा हिशेब इथे विसरावा लागतो. चेन्नईचा निम्म्याहून जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. त्या दिवसांत वादळाची बातमी बघूनच किनाऱ्याचा रस्ता धरावा. पाऊस सरला की तलाव काठोकाठ भरतात, पक्षी येतात, हवा सोसवते. डिसेंबरची अखेर ते फेब्रुवारी हा या सहलींचा खरा हंगाम. एप्रिलनंतर वेडंथांगळला कोरडा चिखल आणि जिंजीला तापलेला तवा असतो. मे महिन्यात ईसीआर तेवढा पहाटे करावा आणि दहाला घरी असावं. पोंगलच्या सुट्टीत जीएसटी रोडवर पाऊल टाकू नये, तेव्हा सगळं चेन्नई गावी निघालेलं असतं. टोलसाठी फास्टॅग भरलेला ठेवा आणि पिण्याचं पाणी घरूनच घ्या.

शेवटी एक विनंती. शहराच्या वेशीवर पळ्ळिकरणैची दलदल लागते. तिचा बराच भाग भरून त्यावर इमारती आणि कचराडेपो उभे राहिले. 2015 च्या डिसेंबरात शहर बुडालं, त्यात पाण्याच्या अशा बुजवलेल्या जागांचा मोठा हात होता. वेडंथांगळ आणि मदुरांतकम शिल्लक राहिले, कारण तिथल्या पाण्यावर कोणाचं तरी पोट आहे. ज्या बांधावर तुम्ही फोटो काढता, तो कोणाच्या तरी भाताचा बांध आहे. तेव्हा गाडी त्यावर चढवू नका, हॉर्न वाजवू नका, प्लास्टिक घरी परत आणा, आणि जाळं वाळत घातलेल्या माणसाकडून मासळी घेतलीच तर घासाघीस जरा बेताने करा.