रहस्यकथा वाचावी कशी, सांगावी कशी?



गावच्या वाचनालयात नवी रहस्यकथा आली की तिच्यावर उड्या पडतात. बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार, काळापहाड अशा नायकांच्या हजारावर रहस्यकथा लिहिल्या, तेव्हापासूनची ही गोडी आहे. पण “पुस्तक कसं आहे?” असं विचारलं, की कुणी नुसतं “बरं आहे” म्हणते, तर कुणी खुनी कोण तेच सांगून टाकते. म्हणून अशा पुस्तकावर चार शब्द कसे बोलावेत, ते आज आम्ही सांगणार आहोत.

पहिली गोष्ट, कथा थोडीच सांगावी. गुन्हा काय घडला, कुठे घडला, संशय कुणाकुणावर आहे, एवढं पुरे. पुढचं जिचं तिनं वाचावं.

दुसरी गोष्ट, लेखक सरळ खेळला का, ते पाहावं. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूंनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुन्हेगार कथेत लवकर भेटलेला असावा आणि तपास करणाऱ्याला सापडलेला धागा वाचकापासून लपवू नये, हे त्यातलेच दोन. पुस्तक संपल्यावर मागची पानं चाळा. खूण तिथं होती आणि आपल्याच नजरेतून निसटली, तर लेखकाला शाबासकी द्या. शेवटी भलताच माणूस आणून उभा केला असेल, तर तसं स्पष्ट सांगा.

तिसरी गोष्ट, माहिती खरी आहे का? अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात दवाखान्यात औषधं तयार करायचं काम करत. विषांची माहिती त्यांना तिथं झाली आणि ती पुढे कादंबऱ्यांत उतरली. आपल्याकडच्या कादंबरीत पोलीस आणि कायदा कसा दाखवलाय, ते तपासा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवादात्मक प्रसंगी महिला पोलीस अधिकाऱ्याला मॅजिस्ट्रेटची परवानगी आधी घ्यावी लागते. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द कुठलीही असो. कादंबरीत याच्या उलटं लिहिलं असेल, तर ते सांगायलाच हवं. गोष्टीत वाचलेलं मनात बसतं आणि वेळ आली की एखादी बाई तेच खरं मानून ठाण्याच्या दारातून परत फिरते.

चौथी गोष्ट, बळी पडलेल्या बाईला पुस्तकात माणूस म्हणून जागा आहे का? तिला नाव, काम, नातीगोती आहेत, की ती नुसतं प्रेत आहे? “रात्री बाहेर गेलीच कशाला?” असा ठपका लेखकच तिच्यावर ठेवतो का? याच अगाथाबाईंनी १९३० साली मिस मार्पल हिला कादंबरीत आणलं. ही खेड्यात राहणारी, विणकाम करणारी, लग्न न केलेली म्हातारी. गावातल्या माणसांचे स्वभाव ओळखून ती गुन्हा उलगडते. हे ज्ञान आपल्याकडेही आहेच की!

गटात वाचताना एकीनं मोठ्यानं वाचावं, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यांनाही भाग घेता येतो. शेवटच्या दोन प्रकरणांआधी थांबा. प्रत्येकीनं आपला संशय कुणावर आणि का, ते सांगावं. नुसतं नाव चालायचं नाही, कारण हवं. पुरावा मागायची सवय लागली, की गावातल्या कुणा बाईवर उठलेली आवई ऐकतानाही आपण विचारू, “कशावरून?”