अण्णांच्या हातोडीचा दांडा

मध्यमवर्गीय माणसाच्या माळ्यावर काय काय सापडते, याची यादी करावयास बसले तर दिवाळी अंकाची निम्मी पाने त्यातच खर्ची पडतील. आमच्या डोंबिवलीच्या घरचा माळा वर्षातून एकदाच, घटस्थापनेच्या आधी, उघडतो. आणि तो उघडला की आमच्या सौभाग्यवतींचा अवतार पाहण्याजोगा असतो. शिट्टी हरवलेला कुकर, पाय मोडलेला पाट, तीन पिढ्यांनी वापरलेला पाळणा, सगळ्यांना एकच न्याय! "हे भंगारात, हेही भंगारात!" मी शिडीवर उभा राहून एकेक वस्तू खाली द्यावयाची आणि तिने निकाल द्यावयाचा.

गेल्या वर्षी अशीच एक वस्तू डालड्याच्या जुन्या डब्यातून, गोणपाटात गुंडाळलेली, माझ्या हाती आली. गोणपाट सोडले तर हाताला लाल भुकटी लागली. आत हातोडी होती. डोके गंजून खरजेल्या कुत्र्यासारखे झालेले, दांडा काळाकुट्ट, आणि डोक्याच्या खालीच त्याला लांब चीर गेलेली. हलवून पाहिली तर डोके खुळखुळ्यासारखे वाजले.

"भंगारात," खालून हुकूम आला.

"ती टाकायची नाही." हा दुसरा आवाज आईचा होता. आईचे वय ब्याऐंशी. ती खुर्चीत बसून निवडणे-टिपणे करते आणि घरच्या वादात सहसा पडत नाही. पडली तर मात्र वाद तिथेच संपतो.

हातोडी अण्णांची. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणगावातल्या एका कापडगिरणीत फिटर होते. फिटरची हातोडी सुताराच्या हातोडीहून वेगळी. सुताराच्या हातोडीला मागे खिळे उपटण्याचा चिमटा असतो. हिला एका अंगास सपाट तोंड आणि दुसऱ्या अंगास लिंबाएवढा गोळा. गोळ्याने रिव्हेटची टोके फुलवावयाची, पत्र्याला बाक द्यावयाचा. कारखान्यात तिला बॉलपीन म्हणतात. गिरणीची हत्यारे असली तरी हातोडी आपली स्वतःची असावी असा अण्णांचा आग्रह असे. ही त्यांनी चोरबाजारातून जुनीच घेतली होती. दर खंडेनवमीला आई मला विचारी, "अरे, ह्यांची हातोडी कुठे आहे?" आणि मी पूजेच्या पाटावर स्क्रू-ड्रायव्हर नि चिरंजिवांचा लॅपटॉप मांडून वेळ मारून नेत असे.

ते वेळ मारून नेणे निव्वळ आळसापोटी नव्हते. ही हातोडी पाहिली की मला १९८२ साल आठवे. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांचे नेतृत्व आणि सुमारे अडीच लाख कामगार. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. नुसता विरत गेला. मी तेव्हा पंधरा वर्षांचा, मॅट्रिकच्या उंबरठ्यावर. अण्णा सकाळी जेवणाचा डबा न घेता बाहेर पडत आणि दिवेलागणीला परत येत. कुठे गेला होतात, म्हटले की, "सभेला." एके संध्याकाळी पोटातली आग डोक्यात गेली आणि मी म्हणालो, "अण्णा, तुमच्या सभांनी घर चालत नाही." ते काही बोलले नाहीत. पाय धुतले, खुंटीला सदरा लावला आणि पानावर बसले. बस, एवढेच. पण पुढे चाळीस वर्षे हातोडी पाहिली की ते पाय धुण्याचे पाणी आठवावयाचे.

असो. आईचा हुकूम झाल्यावर हातोडी दुरुस्त करणे आले. स्वेच्छानिवृत्ती घेऊन मला दोन वर्षे झाली होती. सबब सांगावयासही जागा नव्हती.

आमचे चिरंजीव अभियंता आहेत. पण त्यांची सारी यंत्रे पडद्यावर चालतात. त्यांनी पहिला सल्ला दिला तो मोरी धुण्याच्या ॲसिडात हातोडी बुडविण्याचा. वाचकांपैकी कुणाला हा मोह झाला तर आवरावा. ते जहाल आम्ल गंजाबरोबर चांगले लोखंडही खाते, त्याच्या वाफेने आसपासची इतर हत्यारे गंजतात, आणि कडक पोलादाला ते ठिसूळ करून ठेवते. दुसरा सल्ला फोनवरून एका स्नेह्यांचा: डोके विस्तवात टाका, लाकूड जळून जाईल आणि गंजही सुटेल. हा तर पहिल्याहून वाईट! हातोडीच्या तोंडाला लोहाराच्या भाषेत 'पाणी' दिलेले असते, म्हणजे पोलाद तापवून, विझवून कडक केलेले असते. ते विस्तवात घातले की पाणी उतरते, आणि मग पहिल्याच घावाला तोंड चेमटते.

मी साधा मार्ग धरला. दोन विटांवर डोके टेकवले, वरच्या भोकात ठोकलेली लोखंडी पाचर उचकून काढली आणि जाड बोल्ट लावून दांड्याचे लाकूड खालच्या बाजूला ठोकले. सुकलेले लाकूड चार घावांत सुटले. मग डोके काचेच्या बरणीत, वर बुडेल इतके स्वयंपाकातले व्हिनेगर. व्हिनेगर सौम्य, घाई करीत नाही. थोड्या वेळाने बारीक बुडबुडे येऊ लागले आणि सौभाग्यवती बरणीला लोणच्यांपासून दूर ठेवण्याबद्दल बोलू लागल्या.

लोखंडाला गंज चढावयास पाणी आणि हवेतला प्राणवायू, दोन्ही लागतात. नुसत्या कोरड्या हवेत ते खुशाल राहते. दोघांची गाठ पडली, आणि त्यात मुंबईच्या हवेतला मिठाचा अंश मिळाला, की मग विचारू नका. ॲल्युमिनियमवरही हवेने थर चढतो, पण तो थर आतल्या धातूची राखण करतो. लोखंडाचा गंज मात्र घरभेदी. तो मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून त्याला पोपडे धरतात, आणि पोपड्याखाली पुन्हा पाणी शिरावयास वाट होते. माळ्यावरचे गोणपाट पावसाळ्यातली ओल शोषून हातोडीला बिलगून बसले होते. आम्ही जपून ठेवली म्हणून ती जास्त गंजली!

एका दिवसाने डोके बाहेर काढले, तारेच्या ब्रशाने घासले, पुन्हा बुडवले. दुसऱ्या दिवशी काळा चिखल धुतला गेला आणि खाली राखाडी लोखंड दिसले. उरलेले आम्ल मारण्यासाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळले. इथे एक चूक मी केली ती सांगून टाकतो. डोके ओलेच ठेवून मी चहाला गेलो. परत येऊन पाहतो तो अंगावर पुन्हा तांबूस झाक! नुकतेच उघडे झालेले लोखंड भलते हळवे असते. पुन्हा घासले, तत्काळ पुसले, उन्हात तापवले आणि ऊब असतानाच शिलाई यंत्राचे तेल चोळले.

मग दोन गोष्टी दिसल्या. एका बाजूस दीड पौंडाचा आकडा ठोकलेला होता. म्हणजे ही हातोडी पौंड-औंसाच्या अमदानीतली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. दीड पौंड म्हणजे ६८० ग्रॅम. काट्याने ६७० दाखवले. दहा ग्रॅम लोखंड घावांत झिजले की गंजाने खाल्ले, देव जाणे. आणि दुसऱ्या बाजूस पोगराने मारलेले दोन ठिपके, शेजारी शेजारी. ती अण्णांची खूण. त्यांच्या पकडीवर, कानशीच्या मुठीवर, इतकेच काय पण जेवणाच्या डब्यावरही हेच दोन ठिपके असत. मी ते नखाने चाचपले. गंजाचे खड्डे मात्र तसेच राहिले. गेलेले लोखंड काही परत येत नाही. सपाट तोंडाची कड ठोकून ठोकून बाहेर फुलली होती, ती तेवढी कानशीने गोल केली. अशा फुललेल्या कडेचा कपचा उडून डोळ्यात जाण्याचे भय असते.

डोक्याचे काम असे तीन दिवसांत उरकले. खरी पंचाईत दांड्याची होती.

वस्तू जुनी ठेवावयाची म्हणजे तिचे नेमके काय ठेवावयाचे? लोखंड काय, कुणाचेही असते. पण दांड्यावर अण्णांचा हात होता. मुठीपाशी लाकूड काळे, गुळगुळीत, आणि अंगठा टेकतो तिथे उथळ खळगा पडलेला. गिरणीतल्या पाळ्यांचा घाम तो, असे मी चिरंजिवांना सांगितलेही. आणि त्याच दांड्याला चीर. चिरलेल्या दांड्याची हातोडी म्हणजे घरात ठेवलेला तोफेचा गोळा. कधी कुणाच्या कपाळी सुटेल याचा नेम नाही. सैल डोक्याची हातोडी रात्रभर बादलीत बुडवून ठेवण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. लाकूड फुगते, डोके घट्ट बसते. पण लोखंडाच्या भोकात फुगलेल्या लाकडाचे तंतू आतल्या आत चेंगरतात, आणि पाणी सुकले की दांडा पहिल्याहून ढिला.

शेवटी आमच्या गल्लीतल्या सुतारमिस्त्रींना बोलावले. त्यांनी दांडा डोळ्यासमोर धरला आणि म्हणाले, "टाकून द्या, साहेब. बाजारात तयार मिळतो."

"नको. वडिलांचा आहे."

मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा पाहिले. मग खिशातून काचेचा तुकडा काढून चिरेपाशी थोडे खरवडले, वास घेतला, दांड्याचे टोक जमिनीवर टेकवून जरा वाकवून पाहिला. "धामण आहे ही," ते म्हणाले. "आता कोण लावतो धामण! साग दिसायला राजा, पण धक्का सोसत नाही. दांड्याला बाभूळ नाहीतर धामण. आणि रेष बघा कशी सरळ उतरली आहे टोकापर्यंत. ज्याने केला त्याला कळत होते."

"धामणच ती," खुर्चीतून आई म्हणाली. "गावाहून आणली होती ह्यांनी. संपात."

मी म्हटले, "संपात? हा दांडा गिरणीतला नाही?"

"गिरणीतले दोन मोडले. हा तिसरा. संपाच्या पहिल्या पावसात ते गावी गेले होते, तेव्हा कोयत्याने तोडून आणला. चाळीच्या गच्चीवर बसून तासला. गिरणीत कुठे नेला असेल? गिरणीत ते पुन्हा गेलेच नाहीत."

"मग एवढा झिजला कशाने?"

आईने हातातले तांदळाचे ताट खाली ठेवले. "दादर-माटुंग्याला जायचे. घरोघर. कुणाची कडी बसत नाही, कुणाचे कुलूप अडकले, कुणाचा स्टोव्ह. दोन रुपये, कधी पाच. एकदा पंचवीस मिळाले तर तुझी परीक्षेची फी भरली. मला म्हणाले होते, पोरांना सांगू नकोस. फिटर माणूस, लोकांच्या दारात उभा राहतो ते पोरांना कळायला नको. सभेला जातो म्हणून सांग."

मिस्त्री शहाणे. ते गॅलरीत जाऊन आपली पिशवी धुंडाळू लागले. मी विचारले, "आई, मग आता का सांगितलेस?"

"तू विचारलेस कधी?" आई म्हणाली, आणि ताट पुन्हा मांडीवर घेतले.

दांडा टाकला नाही. मिस्त्रींनी युक्ती काढली ती फार सोपी होती. मला सुचली नाही याचे नवल. चीर डोक्याखाली दोन इंचांवर संपत होती. त्याच्याही थोडे खाली करवत लावून तेवढा तुकडा उतरवला आणि उरलेल्या दांड्याचे नवे टोक पटाशीने आणि कानशीने भोकाच्या मापाचे केले. दांडा तेरा इंचांचा होता, अकराहून थोडा कमी राहिला. हातोडीचे भोक दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्ये अरुंद असते. दांडा खालून घट्ट बसवावयाचा आणि वरच्या टोकाला चीर पाडून तीत लाकडी पाचर ठोकावयाची. लाकूड वर फाकते आणि डोके ना वर सरकत ना खाली. डोक्यावर घाव घालून दांडा बसत नाही, बरे का! हातोडी उभी धरून दांड्याच्या बुडावर ठोकावयाचे. डोके आपल्याच वजनाने चढत जाते. लाकडी पाचरीवर आडवी एक लोखंडी मारली, वर उरलेले कापले, झाले.

मूठ खरवडू द्यावयाची नाही, असे मी मिस्त्रींना आधीच बजावले होते. तिला नुसते जवसाचे तेल चोळले, तीन दिवस, रोज थोडे. (या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावीत. दिवाळीत तर विशेष.) खोबरेल किंवा गोडे तेल चालत नाही, ते सुकत नाही, चिकट राहते.

खंडेनवमीला हातोडी पाटावर बसली. आईने हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले. चिरंजिवांचा लॅपटॉप शेजारी होता, त्यालाही फूल मिळाले. मी दांडा हाती धरला तर अंगठा त्या खळग्यात बसेना. माझा अंगठा आखूड. अण्णांचा हात मोठा होता, हे मी विसरलो होतो.

वसुबारसेच्या संध्याकाळी शेजारच्या वहिनींची बेल वाजली. त्यांच्या गॅलरीच्या दाराची कडी बसत नव्हती आणि दुसऱ्या दिवशी त्यांना गावी जावयाचे होते. ऐन सणात सुतार मिळेना. मी काही बोलण्यापूर्वीच आई आतून म्हणाली, "जा रे, बसवून दे." मी हातोडी घेतली, चपला सरकवल्या. जिन्यापर्यंत गेलो तो मागून तिचा आवाज आला, "पैसे घेऊ नकोस हो!"

कडी वाकलेली होती. वीस मिनिटे लागली. वहिनींनी चकल्यांची बशी पुढे केली, ती मात्र मी घेतली.