मक्याचे उत्पादन आणि जनुकीय खुणा
(मका सुधारण्याचे शास्त्र : लेखांक ६)

मागच्या लेखात आपण पाहिले की जनुकीय खूण ही गुणसूत्रावरची ओळखू येणारी जागा असते. हव्या जनुकाच्या आत किंवा अगदी शेजारी असल्यामुळे ती त्याच्यासोबतच पुढच्या पिढीत जाते. अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्थेचा ‘विवेक क्यूपीएम ९’ हा संकरित वाण अशाच खुणांच्या मदतीने घडला आणि २००८ मध्ये प्रसारित झाला. त्याच्या दाण्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले वाढवण्याचे मुख्य काम ‘ओपेक-२’ या एका जनुकाने केले. मग याच वाटेने उत्पादन वाढवणारे जनुक शोधून ते चांगल्या वाणात का आणू नये? माझे म्हणणे असे की उत्पादनाच्या बाबतीत हा प्रश्नच चुकीचा आहे. तो बदलला, तरच खुणांचा खरा उपयोग कळतो.

एक गुण पुष्कळ जनुकांच्या हाती असू शकतो, याचा एक जुना पुरावा अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचा आहे. तिथे १८९६ मध्ये सिरिल हॉपकिन्स यांनी १६३ कणसांपासून निवड सुरू केली. दाण्यातले तेल तेव्हा पाच टक्क्यांहून थोडे कमी होते. दर पिढीत जास्त तेलाची कणसे बियाण्यासाठी ठेवत गेल्यावर शंभर पिढ्यांत ते वीस टक्क्यांच्या आसपास पोहोचले. गुण दोन-चार जनुकांच्या हाती असता, तर निवडीचा परिणाम केव्हाच थांबला असता. पुढे खुणा वापरून याच मक्याचा अभ्यास झाला, तेव्हा तेलाशी संबंधित सुमारे पन्नास जागा सापडल्या आणि प्रत्येकीचा वाटा लहान निघाला. एका तेलाची ही कथा असेल, तर मुळे, पाने, फुलोरा, दाणे भरण्याचा काळ आणि रोगप्रतिकार या सगळ्यांतून घडणारे उत्पादन एका जनुकाच्या ताब्यात असेल कसे?

त्यात परिस्थितीची भर पडते. मक्याचे पैदासकार डोनाल्ड डुविक यांनी वेगवेगळ्या दशकांतले अमेरिकी संकरित वाण शेजारी शेजारी लावून पाहिले. झाडे विरळ लावली, तेव्हा जुन्या आणि नव्या वाणांच्या प्रतिझाड उत्पादनात फारसा फरक दिसला नाही. दाट लागवडीत मात्र नवे वाण खूपच पुढे गेले. म्हणजे दशकानुदशकांच्या निवडीने मुख्यतः गर्दी आणि ताण सोसण्याची ताकद वाढवली होती.

मग खुणा निरुपयोगी आहेत का? तसे मुळीच नाही. २००१ मध्ये म्यूविसेन, हेस आणि गोडार्ड यांनी वेगळा मार्ग मांडला. महत्त्वाच्या मोजक्या खुणा निवडण्याऐवजी संपूर्ण जनुकसंचात पसरलेल्या हजारो खुणांचे लहान लहान परिणाम एकत्र मोजायचे आणि त्यावरून प्रत्येक रोपाच्या पैदासमूल्याचा, म्हणजे ते पुढच्या पिढीला किती चांगले गुण देईल याचा, अंदाज बांधायचा. त्यामुळे शेतात चाचणी होण्याआधीच रोपांची चाळणी होते आणि पैदाशीचे हंगाम वाचतात. खुणांशिवायही उत्पादन वाढलेच होते, हा आक्षेप खरा आहे. जॉर्ज शल यांनी १९०८ मध्ये संकरजोम, म्हणजे संकरातून वाढणारा जोम, दाखवला, तेव्हा खुणा नव्हत्या. पण दुष्काळ आणि नवे रोग वेगाने समोर येत असताना वाचलेला प्रत्येक हंगाम मोलाचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : हा अंदाज विश्वासाचा कसा? त्याचे उत्तर अंदाजाच्या पायात आहे. खुणांना अर्थ येतो तो शेतातल्या मोजमापांमुळे. अमेरिकेतल्या दाट, खते भरपूर मिळणाऱ्या शेतांत मोजलेले परिणाम मराठवाड्यातल्या पावसावर अवलंबून असलेल्या खरिपाच्या मक्याला जसेच्या तसे लागू पडतील, असे मानता येत नाही. म्हणून प्रयोगशाळा वाढवताना कोरडवाहू भागातली चाचणी-क्षेत्रे आणि तिथे हंगामानंतर हंगाम नोंदी ठेवणारी माणसे कमी करणे म्हणजे या शास्त्राचा पायाच काढून घेणे होय. मक्यावर खर्च होणाऱ्या सार्वजनिक पैशात या शेतांचा वाटा आधी राखला पाहिजे.

पुढील लेखांकात : एका पिढीत शुद्ध वाण देणारे द्विगुणित एकगुणित तंत्र.